पाहुण्यांची पंगत

आमच्या घरात कुणी कुणाला अपमानाचा शब्द बोलत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, नुसती माहिती देतोय. आमच्याकडे अपमान करायचा झाला तर तो आग्रह करून करतात. "घ्या हो, अजून एक पोळी घ्या" या वाक्यात नेमकं काय म्हटलंय हे समोरच्याला घरी पोचल्यावर कळतं. माझं लग्न झालं तेव्हा बायकोला हे समजायला दोन वर्षं लागली. मला तर याच घरात वाढून पन्नाशी आली तरी पुष्कळदा समजत नाही, आणि त्यामुळेच माझं सगळ्यांशी बरं आहे.

माझा थोरला भाऊ शनिवार पेठेत राहतो. त्याची साठी उलटून गेली, तरी त्याच्यासमोर मी अजून पायावर पाय टाकून बसत नाही. जुनी इमारत पाडून नवी झाली, लिफ्ट आली, पण देव, गौरी आणि दादा तिथेच राहिले. मी वारज्याला राहायला गेलो त्याला आता जमाना झाला, पण दादाच्या लेखी मी अजून गावाबाहेरच असतो. "काय, पोचलास का? रस्ता सापडला?" असं तो दर सणाला विचारतो.

दादाकडेच आमची आत्या राहायची, वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाली, आणि मग आमच्या घराला शिकवायला लागली. आमटीत गूळ किती, पुरणाला चटका कधी द्यायचा, कुणाचं कुठे चुकतंय, हे ती खुर्चीवर बसून सांगायची आणि ते बरोबर असायचं, हा तिचा सगळ्यांत मोठा दोष होता.

दादाच्या मुलाने लग्न ठरवलं ती मुलगी नागपूरची. तिच्या आजोबांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली, वडील सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, ती स्वतः पुण्यात सरकारी अधिकारी. दादाने विरोध केला नाही. नोंदणी झाली, झकास जेवण झालं. दादा दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "आम्ही असलं काही मानत नाही." हे त्याने इतक्या जणांना सांगितलं, की हा काहीतरी मानत असणार अशी मला शंका आली. पण मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन पंख्याखाली गेलो.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी आमचं सगळं कुटुंब दादाकडे जेवायला असतं. भाऊ, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, मिळून पंचवीसेक माणसं. हॉलमध्ये अजून खाली पंगत बसते. पहिल्या पंगतीला पुरुष, मुलं आणि बाहेरचे पाहुणे. घरच्या बायका वाढतात आणि मागून बसतात. जेवण झालं की आम्ही पुरुष आपापली ताटं उचलून स्वयंपाकघराच्या दारापाशी नेऊन ठेवतो. तिथून पुढचा रस्ता आम्हाला माहीत नाही. याला आमच्या घरात समानता म्हणतात.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून पदर खोचून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, इतकी गोड हसली की मला दूर बसून कळलं.

"अगं, तू कशाला? तू बस. तू पाहुणी."

ती बसली. पहिल्या पंगतीत, माझ्या शेजारी. नवी आहे, कौतुक आहे, असं सगळ्यांना वाटलं. जेवण झाल्यावर ती स्वतःचं ताट घेऊन उठली, तर चुलत भावजयीने ते हातातून काढूनच घेतलं. "पाहुण्यांनी ताट उचलायचं नसतं गं."

दुसऱ्या वर्षी तेच. मधल्या दिवाळीला, संक्रांतीला, पाडव्याला तेच. त्याच सुमारास माझ्या एका पुतण्याचं लग्न झालं. त्याची बायको सातव्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, आणि आठव्या दिवशी वहिनीने तिला फोडणी करपवल्याबद्दल झापलं होतं. हिला मात्र कुणी झापलं नाही. हिचं ताट आत गेल्यावर सिंकमध्ये बाकीच्या ताटांत जायचं की वेगळं ठेवलं जायचं, हे मी कधी पाहिलं नाही. पाहायला आत जावं लागलं असतं.

एक गोष्ट सांगायला हवी. ती पूजेच्या वेळी कधीच पुढे यायची नाही. गॅलरीत उभी राहायची, आरती संपली की आत यायची. त्यात लपवाछपवी नव्हती. तिच्या घरी देव पूजत नाहीत, हे तिने लग्नाआधीच सांगितलं होतं, आणि त्याबद्दल आमच्याकडे कुणाची तक्रार नव्हती. उलट सोयच होती.

तिसऱ्या वर्षीच्या गौरीजेवणानंतर मी, बायको आणि आत्या गाडीतून वारज्याला निघालो होतो. आत्या चार दिवस आमच्याकडे राहायला येत होती. दादाचा मुलगा मागे पाट-सतरंज्या आवरायला थांबला होता, म्हणून सूनही आमच्याबरोबर आली. ती दोघं हिंजवडीच्या बाजूला राहतात. वारज्याच्या पुलाखाली ती कॅब करणार होती. कर्वे रस्त्यावर नेहमीसारखंच सगळं तुंबलेलं.

आत्याने मागे वळून विचारलं, "पोळ्या कशा झाल्या होत्या गं?"

"छान होत्या, आत्याआजी."

"एकच खाल्लीस."

"पाहुण्यांनी बेतानंच खावं."

हे ती हसून म्हणाली. आमच्या घराची भाषा तिने आमच्यापेक्षा लवकर शिकून घेतली होती. मी आरशात पाहिलं, तर हसू तोंडावर तसंच होतं आणि बाकीचा चेहरा कुठेतरी निघून गेला होता.

मग ती म्हणाली, "आत्याआजी, पुढच्या वर्षी हा येईल. मी नाही येणार."

गाडी आपण चालवत असण्याचा एक फायदा असतो, समोर बघत राहता येतं.

"मला दिवस गेलेत. अजून आईंनाही सांगितलं नाही. माझ्या आजीला लोक दारातून परत पाठवायचे. माझ्या आईला ऑफिसात पाण्याचा ग्लास वेगळा होता, पण स्टीलचा होता. मला तर पहिल्या पंगतीला बसवतात, तूप वाढतात. म्हणजे प्रगती आहेच. पण माझं बाळ त्या घरात पाहुणं म्हणून नाही वाढणार."

"तुला पूजेला—" मी काहीतरी बोलायला गेलो.

"नाही हो काका. मला देवघरापर्यंत जायचंच नाही. मला सिंकपर्यंत जायचंय. माझं ताट घेऊन." आणि मग जरा थांबून, "सिग्नल हिरवा झालाय. लोक हॉर्न मारून राहिले."

वारज्याच्या पुलाखाली ती उतरली. आत्याने काच खाली केली. "दिवाळीला ये. माझं एवढं एक ऐक. दिवाळीला बघ, आणि मग ठरव."

त्या चार दिवसांत आत्या आणि माझी बायको काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी खोलीत गेलो की त्या भाजीचे भाव बोलायला लागायच्या.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही सगळे दादाकडे जमलो. सून आली होती. पाट मांडले गेले आणि आत्या आपली काठी टेकत आली, पहिल्या पंगतीत, दाराजवळच्या शेवटच्या ताटासमोर खुर्ची ओढून बसली. तिच्या शेजारी सून. आत्या पहिल्या पंगतीला कधीच बसत नसे. तिचं काम आत असायचं, पातेल्यांच्या झाकणांवर राज्य करणं.

वहिनी दारातून म्हणाली, "आत्या, आत येताय ना? आमटीची चव बघायचीय."

"मी आज पाहुणी आहे."

"म्हणजे?"

"माझी नातसून तीन वर्षं पाहुणी आहे. मी या घरात जन्मले, पण माझा काही कुणी पाहुणचार केला नाही. म्हटलं, आपणही घ्यावा. वाढा."

कुणीतरी हसलं. दादाही हसला. त्या दिवशीच्या आमटीत मीठ दोघींनी घातलं होतं. आत्या वाटीभर आमटी शांतपणे प्यायली आणि म्हणाली, "वा." आत्याच्या तोंडून इतका खोटा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. जेवण झाल्यावर भावजय तिचं ताट उचलायला आली. आत्याने हात वर केले आणि उचलू दिलं. तिला ते किती जड गेलं असेल, हे तिच्याकडे बघून कळत होतं. जिने जन्मभर दुसऱ्याला ताट उचलू दिलं नव्हतं ती मांडीवर हात ठेवून बसली होती, अगदी सुनेसारखीच.

वृद्ध माणसाची लहर, असं सगळ्यांनी ठरवलं. संक्रांतीला आत्या पुन्हा बसली. घरून निघताना मी बायकोला सहज विचारलं, "आज आत्या परत तसं करणार का गं?"

"हो. आणि मीही."

"तू काय बोलणार आहेस दादाला?"

"अहो, मी काही बोलणार नाही. बोललं की वाद होतो आणि वादात भावजीच जिंकतात. मी नुसती बसणार आहे. बसण्याला कुणी काय उत्तर देणार?"

तिथे पोचल्यावर ती खरंच बसली, आत्याच्या पलीकडे. मला वाटलं होतं ती निदान माझ्याकडे पाहील. तिने पानाकडे पाहिलं. वाढायला आता वहिनी, चुलत भावजय आणि ती नवी पुतणसून एवढ्याच. माझ्यापर्यंत तूप पोचेस्तोवर भात गार झाला होता. आपण पुरुषांनी उठून वाढावं, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती वेगळी लढाई आहे, आणि तिला अजून तिघीजणी मिळायच्या आहेत.

तिसरी आली गुढीपाडव्याला. आमची धाकटी चुलत बहीण, हिंजवडीत कंपनीत कामाला. दारातून चप्पल काढता काढताच म्हणाली, "दादा, मी पण गेस्ट हं आज. फुल पाहुणचार पाहिजे."

आता मात्र दादाच्या कपाळाला आठी पडली. "हा काय संप चाललाय का?"

आत्या म्हणाली, "संपाला मागण्या असतात. आम्ही काही मागतोय का? श्रीखंड वाढा."

हेच दादाला सोसेना. त्यांनी काही मागितलं असतं तर त्याला नाकारता आलं असतं, किंवा मोठ्या मनाने देता आलं असतं. दोन्ही गोष्टी त्याला उत्तम जमतात. पण त्या तिघी नुसत्या यायच्या, गोड बोलायच्या, विचारपूस करायच्या, पहिल्या पंगतीत बसायच्या आणि ताट उचलू द्यायच्या. रागवायच्या नाहीत. टोमणा मारायच्या नाहीत, आणि पुण्यात हा त्याग लहान नाही. सण असो, श्राद्ध असो, कुणाचा वाढदिवस असो, दर वेळी तेच. एकदाही त्यांनी "आज जाऊ दे" केलं नाही. मीच एकदा बायकोला म्हणालो, "आज वहिनीची कंबर दुखतेय, आज तरी…" ती म्हणाली, "मला पण वाईट वाटतंय. पण आज उठले तर मागचं सगळं नाटक होतं असं होईल."

घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका चुलत भावाने 'पाहुणे मंडळाचा विजय असो' असं टाकलं. पुष्कळ हसरे चेहरे आले. त्यांत एक माझाही होता. बायकोने तो पाहिला आणि मला त्या आठवड्यात सगळ्या भाज्या पाहुण्यासारख्या वाढल्या, म्हणजे थोड्या थोड्या आणि विचारून.

याच काळात मला एक शोध लागला. तसा मी शोधक माणूस नाही, पण गाडी असल्यामुळे सणावारी सगळ्यांना पोचवायला मीच असतो, आणि गाडीत माणसं खरं बोलतात. चुलत भाऊ म्हणाला, "माझं काही नाही रे, पण दादाला काय वाटेल?" त्याची बायको म्हणाली, "मला काय, उलट मदतच होईल. पण वहिनींना चालणार नाही." एकदा वहिनीला डॉक्टरांकडे नेताना ती म्हणाली, "मला पोरगी आवडते हो. पण यांचं तुम्हाला माहितीये. आणि तुमच्या सगळ्यांचं." आणि दादा? दादाला मी एकदा धीर करून विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझ्या मनात काही नाही. पण घरातल्या बायकांच्या भावना असतात. त्यांना दुखवून कसं चालेल?"

म्हणजे आमच्या घरातल्या बहुमताचं मी असं गणित मांडलं: प्रत्येकाचं मत होतं की बाकीच्यांचं मत तसं आहे. आमचं हे भक्कम बहुमत कुणाच्याच घरी राहत नव्हतं. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझं काय मत?"

"माझं? माझं काही नाही. पण—"

"पण," ती म्हणाली. "बस, कळलं."

मुलगी मे महिन्यात झाली. दादा दवाखान्यात जाऊन पेढे वाटून आला. वहिनी बारशाला नागपूरला गेली, तिथे तिला आत नेऊन सगळ्या बायकांनी आपल्यात बसवलं, कांदे चिरायला दिले. "मला म्हणाल्या, विहीणबाई, सांभार निवडा. मी म्हटलं, सांबार निवडतात कसं? तर कोथिंबीर हो! त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात." ही गोष्ट परत आल्यावर तिने सगळ्यांना सांगितली, दर वेळी हसत. पण मी ती तिसऱ्यांदा ऐकली तेव्हा तिचं हसू मध्येच थांबलेलं मी पाहिलं. तिथे तिला कुणी पाहुणी म्हटलं नव्हतं.

मग गौरी आल्या. सून आली. तिने माझ्या बायकोला दारातच सांगितलं, "काकू, तुम्ही तिघी बसता म्हणून आले. पण हिच्यासाठी हे शेवटचं. पुढच्या वर्षी ही चालायला लागेल, समजायला लागेल." बाळ तिच्या मांडीवर होतं. सून, आत्या, माझी बायको, चुलत बहीण, अशा चौघी पहिल्या पंगतीत. वाढायला नवी पुतणसूनही नव्हती, ती माहेरी गेलेली. आत दोघीच. पंचवीस पानं. पुरण आत्याच्या नजरेखालून गेलेलं नव्हतं, आणि पोळ्या तव्यावरच फाटत होत्या हे वासावरून कळत होतं. आम्ही पुरुष रिकाम्या पानांसमोर बसून राजकारणावर बोलत होतो.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले, केस कपाळाला चिकटलेले. तिने सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली आणि ती सुनेवर थांबली.

"तुला कोशिंबीर करता येते ना?"

"येते."

"मग बसलीयेस काय अशी? सगळं काय मीच मरू का इथे? पोरीला काकाआजोबांकडे दे आणि आत ये!"

वहिनीने सुनेवर आवाज चढवला होता. चार वर्षांत पहिल्यांदा. दादाने समोरच्या रिकाम्या वाटीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. सून उठली, बाळ माझ्या हातात कोंबलं आणि आत गेली. मी बाळाला धरून असा बसलो होतो, जणू मला कुणी उकळतं दूध दिलंय.

आतून तिचा आवाज आला, "आई, सांभार कुठाय?"

"फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात," वहिनी म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि मग दोघीही हसायला लागल्या. कशाला हसतायत ते बाहेर कुणाला कळलं नाही. चुलत भावाने विचारलं, "आज सांबार आहे?"

आत्या काठीवर जोर देऊन उठली. "चला," ती माझ्या बायकोला आणि बहिणीला म्हणाली, "पाहुणचार पुष्कळ झाला." आणि आत जाऊन तिने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, तर, "हे पुरण आहे की पिठलं?"

कोशिंबीर दादाने खाल्ली, दोनदा घेतली, पण ती कुणी केली हे विचारलं नाही. त्यानंतरही तो सुनेशी आदबीने, जरा दुरून बोलायचा. "आपण कशा आहात" याच चालीवर. पुण्यात 'आपण' म्हटलं की माणूस दोन पावलं मागे सरकतो.

पण बाकी घर इतक्या भराभर बदललं की मलाच गरगरलं. दिवाळीपर्यंत ती रविवारी येऊन वहिनीबरोबर बाजारात जायला लागली होती. चुलत भावजय तिला फोन करून वांग्याचं भरीत विचारायची. संक्रांतीला दादाचे एक जुने मित्र जेवायला आले, ते म्हणाले, "तुमच्याकडे छान आहे हो, सगळ्या सुना एकत्र." दादा म्हणाला, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच."

मी चमकून आत्याकडे पाहिलं. चुलत भाऊ, ज्याने ग्रुपवर मंडळाचा विजय चिंतला होता, तो मान डोलावून म्हणाला, "हो, आपल्याकडे असलं काही नव्हतंच कधी." तो मस्करीत बोलत असेल म्हणून मी त्याचा चेहरा पाहिला. तो मनापासून बोलत होता.

नंतर गॅलरीत मी आत्याला म्हणालो, "आत्या, हे फार झालं. तुम्ही तिघी वर्षभर बसलात, त्याचं काहीच नाही? निदान दादाला तरी आठवण करून द्यायला हवी."

आत्या उन्हाकडे पाठ करून बसली होती. "अजिबात देऊ नकोस," ती म्हणाली. "त्याला आठवत नाही तेच बरं आहे. आठवलं तर परत विचार करत बसेल."

त्या उन्हाळ्यात आत्या गेली. दुपारी जेवली, ताट स्वतः नेऊन ठेवलं, आडवी झाली, आणि चारला वहिनी चहाला उठवायला गेली तर उठली नाही. आम्ही वारज्याहून पोचलो तेव्हा सून आधीच आलेली होती. तिने आत्याचे केस विंचरून दिले होते. आत्याला शेवटपर्यंत पांढऱ्या केसांचा भांग सरळ लागायचा, एखाद्या रेषाखंडासारखा. तो तसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सतरंजीवर आम्ही सगळे बसलो होतो. घरात चूल पेटवायची नव्हती. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू पातेलंभर पिठलं आणि भात घेऊन आल्या. चांगली बाई. पातेली ठेवून त्या देवघराकडे बघत उभ्या राहिल्या.

"देवांचं काय करताय? तुम्हा सगळ्यांना दहा दिवस सुतक. दिवा तरी लागायला हवा." मग त्यांची नजर सुनेवर पडली आणि त्यांना सुटल्यासारखं झालं. "या आहेत ना! या पाहुण्याच ना तुमच्या? यांना कुठलं सुतक. या लावतील की दिवा."

त्यांची काही चूक नव्हती. दारं समोरासमोर. इतकी वर्षं त्यांनी आमच्या घरातून तोच शब्द ऐकला होता. तो आमच्या घरातून गेला हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

माझी बायको काहीतरी बोलायला म्हणून वळली. वहिनीच्या हातातला वाडगा तसाच राहिला. सून मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, तिने मुलीचा फ्रॉक ओढून सारखा केला. तो सारखाच होता.

दादा भिंतीला टेकून बसला होता. रात्रभर झोपलेला नव्हता. त्याने मान वर केली.

"नाही," तो म्हणाला. "तिला सुतक आहे."

"नाही, मला आपलं वाटलं—"

"दहा दिवस. आम्हा सगळ्यांसारखंच. तिची आजेसासू गेलीय."

सूनच म्हणाली, हळू आवाजात, पण स्पष्ट, "बाबा, मी सुतक मानत नाही. तुम्हाला माहितीये."

"मानू नकोस," दादा म्हणाला. "तुला आहे." आणि मग, कदाचित आपण पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणालो हे लक्षात आल्यामुळे, कदाचित नुसताच दमल्यामुळे, तो म्हणाला, "आणि पिठलं निवतंय. वाढ सगळ्यांना."

समोरच्या काकूंनी स्वतःच दिवा लावला आणि त्या गेल्या. सुनेने मुलीला माझ्या बायकोकडे दिलं आणि वाढायला घेतलं. आम्ही जेवलो. दाराजवळची ती शेवटची जागा, जिथे आत्या पाहुणी होऊन बसायची, तिथे कुणी बसलं नाही. बसू नका असंही कुणी म्हणालं नाही.

जेवण झाल्यावर मी ताट उचलून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, आणि सवयीने ते खाली ठेवायला वाकलो. मग वाकलेलाच थांबलो, आणि आत गेलो. सून सिंकपाशी पाठमोरी उभी होती, नळ सोडलेला. शेजारी सगळ्यांची ताटं एकावर एक रचलेली होती, दादाचं, वहिनीचं, तिचं, त्यातलं कुठलं कुणाचं ते सांगता येत नव्हतं. तिने न वळताच ओला हात मागे केला.

"द्या इकडे, काका," ती म्हणाली. "नाहीतर असं करा. विसळूनच ठेवा तुमचं तुम्ही. तुम्ही काय पाहुणे आहात?"